१२३४५६७८९८७६५४३२१ : नवापर्यंत चढणारी आणि परत एकावर उतरणारी संख्या

गोदाकाठ (धागाकर्ता)

नऊ एके शेजारी शेजारी लिहा आणि त्या संख्येचा वर्ग करा.

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

ही गंमत बहुतेकांनी शाळेत कधीतरी पाहिलेली असते. वहीच्या मागच्या पानावर ती लिहिली जाते आणि विषय तिथेच मिटतो. तो तिथे मिटू नये असं मला मनापासून वाटतं. ही सतरा अंकी संख्या उघडून बघितली तर आत पुष्कळ काही आहे, म्हणून हा धागा काढतोय.

आधी हे असं का होतं ते बघू. नऊ एके जरा जास्त होतील, चारच घेऊ. आपण पाटीवर करायचो तसा उभा गुणाकार मांडा:

```
         १ १ १ १
       १ १ १ १
     १ १ १ १
   १ १ १ १
   -------
   १ २ ३ ४ ३ २ १
```

प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकते. आता उभे रकाने मोजा. पहिल्या रकान्यात एकच एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मधल्यात चार, मग पुन्हा तीन, दोन, एक. उत्तरातला प्रत्येक अंक म्हणजे त्या रकान्यात किती एके आहेत याची मोजणी. नऊ ओळी घेतल्या की मधल्या रकान्यात नऊ एके येतात. नवापर्यंत हातचा येत नाही, म्हणून मोजणी जशीच्या तशी उत्तरात उतरते. दहा एके घेतले की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा येतो आणि डावीकडची घडी विस्कटते. दहा एक्यांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ आहे. उजवीकडची उतरण तशीच राहिली, पण डावीकडच्या चढणीतून ८ नाहीसा झाला.

आणखी एक गोष्ट याच मांडणीतून फुकट मिळते. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज किती? एकूण एके जितके मांडले तितकी, म्हणजे ९ × ९ = ८१. या ८१ कडे लक्ष ठेवा, तो पुढे पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

या कुळातल्या संख्यांना (१, १२१, १२३२१, १२३४३२१…) जगभर 'डेम्लो संख्या' म्हणतात. हे नाव दिलं आपल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म १९०५, डहाणूचा. शिक्षण ठाण्याला आणि पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. जी.आय.पी. रेल्वेवर (आजची मध्य रेल्वे) मुंबईपासून तीस मैलांवरच्या एका स्टेशनात त्यांना या संख्या सुचल्या आणि त्या स्टेशनाचं नाव त्यांनी संख्यांना दिलं. ते डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली.

तिसरा_फलाट

मी जन्मापासून डोंबिवलीकर. आमच्या स्टेशनावरून संख्यांच्या एका कुळाला नाव पडलंय हे मला आज कळतंय, आणि खूप आनंद झालाय. त्या फलाटावर लोक गाडीची वाट बघत उभे असतात. तिथेच कुणाला तरी हे सुचलं होतं!

सर, एक शंका. अशी फक्त नऊच संख्यांची रांग असेल तर 'कुळ' कसं म्हणायचं? डेम्लो संख्येची काही व्याख्या आहे का?

गोदाकाठ

आहे, आणि ती चढत्या-उतरत्या अंकांपेक्षा बरीच ऐसपैस आहे. संख्येचे तीन भाग करायचे: डावा, मधला, उजवा. मधल्या भागात एकच अंक (एकदा किंवा अनेकदा) हवा. डावा आणि उजवा भाग यांची बेरीज केली की तोच अंक ओळीने यायला हवा.

१२३४३२१ घ्या. डावा १२३, मध्ये ४, उजवा ३२१. १२३ + ३२१ = ४४४. जमलं.

आता आपली संख्या. डावा १२३४५६७८, मध्ये ९, उजवा ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९. सगळे नऊ.

पण चढ-उतार नसलेल्याही कितीतरी संख्या या व्याख्येत बसतात. १६५ आणि ३९० यांची बेरीज ५५५ आहे, म्हणून १६५५३९० ही डेम्लो, १६५५५३९० हीसुद्धा डेम्लो. मध्ये हवे तितके पाच घाला. एक्यांचे वर्ग करून मिळतात त्यांना कापरेकर 'वंडरफुल डेम्लो' म्हणत. १९३८ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं आणि १९३९ मध्ये के. आर. गुंजीकरांबरोबर मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये डेम्लो संख्यांचा सिद्धान्त मांडला.

नवशिका

छान धागा. वाचतेय.

माझा प्रश्न कदाचित अगदी साधा असेल. १२३४५६७९ × ९ केलं की नऊ एके येतात हे मला माहीत होतं. सर म्हणतात तसं दहा एक्यांच्या वर्गातही ८ नाही. दोन्हीकडे नेमका ८ च का गळतो? ७ का नाही?

हातचा_एक

साधा अजिबात नाही. या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. वही-पेन घ्या आणि १ ला ८१ ने भागा. पूर्ण भागाकार करा, कॅल्क्युलेटर नको.

१० ला भाग जात नाही, ० लिहिलं, बाकी १०.
१०० ला १ ने भाग, बाकी १९.
१९० ला २ ने, बाकी २८.
२८० ला ३ ने, बाकी ३७.
३७० ला ४ ने, बाकी ४६.
४६० ला ५ ने, बाकी ५५.
५५० ला ६ ने, बाकी ६४.
६४० ला ७ ने, बाकी ७३.

भाग एकेकाने वाढतोय आणि बाकी दर वेळी ९ ने वाढतेय. हाच क्रम पुढे चालला असता तर ७३० ला ८ चा भाग जाऊन बाकी ८२ उरली असती. पण ८१ ने भागताना बाकी ८२ कशी उरेल? आणखी एकदा भाग जातो. म्हणून तिथे ८ ऐवजी ९ लिहावा लागतो आणि बाकी १ उरते. १ उरली की आपण सुरुवातीला आलो, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

१/८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९०१२३४५६७९…

८ जातो तो त्या जागेवर, बाकी पहिल्यांदा ८१ ओलांडू बघते तिथे. दहा एक्यांच्या वर्गातही हेच घडतं. मधल्या दहाचा हातचा शेजारच्या ९ मध्ये गेला, त्याचे १० झाले, त्याचा हातचा ८ मध्ये गेला, त्याचा ९ झाला. आठाच्या जागी नऊ.

आता या आवर्ती भागातून आपल्या संख्येकडे येऊ. ८१ × १२३४५६७९ = ९९९९९९९९९. आणि आपली संख्या म्हणजे १२३४५६७९ × ९९९९९९९९९. नऊ नवांनी गुणायचं म्हणजे पुढे नऊ शून्यं द्यायची आणि तीच संख्या एकदा वजा करायची:

१२३४५६७९००००००००० − १२३४५६७९ = १२३४५६७८९८७६५४३२१

ही वजाबाकी एकदा हाताने करून बघाच. डावीकडचा शेवटचा ९ उसना देऊन ८ होतो, म्हणजे हरवलेला ८ परत येतो. आणि शून्यांमधून १२३४५६७९ वजा केल्यावर ९८७६५४३२१ उरतात. अख्खी चढण आणि अख्खी उतरण एका वजाबाकीत.

नवशिका

आत्ताच केली. उसने घेत घेत शेवटी तो ९ चा ८ होताना बघून अंगावर काटा आला. हे शाळेत का दाखवत नाहीत?

चित्रा_के

मी अवयवांकडे वळते.

१११११११११ चे तीन-तीनचे गट पाडले तर १११ × १००१००१ मिळतं. १११ = ३ × ३७. आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणजे नऊ एके = ३ × ३ × ३७ × ३३३६६७.

वर्ग केल्यावर प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येणार. तेव्हा १२३४५६७८९८७६५४३२१ मध्ये ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा. तिचे एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. विभाजकांची संख्या विषम आहे, कारण ती पूर्ण वर्ग आहे आणि १११११११११ ला वेगळा जोडीदार नाही.

३३३६६७ ही मूळ संख्या आहे हे पडताळायला सगळ्या लहान मूळ संख्यांनी भागत बसायची गरज नाही, हे मला फार आवडतं. समजा एखादी मूळ संख्या हिला भागते. मग ती नऊ एक्यांना, आणि म्हणून नऊ नवांनाही भागते. म्हणजे १ ला तिने भागलं की आवर्ती भाग जास्तीत जास्त नऊ अंकी. एक किंवा तीन अंकी आवर्तन फक्त ३ आणि ३७ यांचं असतं, आणि त्या दोन्हींनी ३३३६६७ ला भाग जात नाही. तेव्हा आवर्तन नेमकं नऊ अंकी हवं. त्यासाठी त्या मूळ संख्येतून १ वजा केला की ९ ने भाग जायलाच हवा. विषम असल्यामुळे १८ ने. म्हणजे उमेदवार फक्त १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७. ५७७ च्या पुढे जायचं कारण नाही, वर्गमूळ तिथेच संपतं. यातल्या एकीनेही भाग जात नाही. झालं सिद्ध.

आणि नऊ अंकी आवर्तन असलेली मूळ संख्या सगळ्या मूळ संख्यांमध्ये ही एकटीच! १/३३३६६७ = ०.०००००२९९७०००००२९९७… तिच्याखेरीज दुसऱ्या कुणाचंही आवर्तन बरोबर नऊ अंकी नाही.

गोदाकाठ

चित्राताई, फार सुंदर. यातून कापरेकरांची आणखी एक कल्पना इथे बसते. अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो तिला त्यांनी 'हर्षद' नाव दिलं. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि ३ चार वेळा असल्यामुळे ८१ ने भाग जातोच. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, जो बरोबर १२३४५६७९ चा वर्ग आहे. म्हणजे ही संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेला एका वर्गाने गुणून तयार झालेली आहे.

बाणकोट

धागा रंगलाय, पण मला जे वाटतं ते स्पष्ट लिहितो. हे सगळं दशमान पद्धतीचं कौतुक आहे. आपल्याला दहा बोटं आहेत म्हणून आपण दहाच्या पटीत लिहितो. आठाच्या पटीत लिहिलं तर ही संख्या चढणार नाही आणि उतरणारही नाही. मग हा 'संख्येचा' गुणधर्म कसा? इंग्रज गणितज्ञ जी. एच. हार्डीने १९४० साली हेच म्हटलं होतं. ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत (८७१२ = ४ × २१७८, ९८०१ = ९ × १०८९). हे त्याने उदाहरण म्हणून दिलं आणि म्हटलं की कोड्यांच्या सदराला हे ठीक, गणितज्ञाला यात काही नाही. मला ते पटतं.

सातासमुद्रापार

बाणकोट, आठाच्या पटीत ही विशिष्ट संख्या चढणार नाही हे खरं. पण अष्टमानात सात एके घ्या आणि वर्ग करा: १२३४५६७६५४३२१. तिथली चढण सातावर थांबते. दशमानात हीच संख्या ८९७५५९६५६४९ अशी दिसते, जिच्यात काहीच दिसत नाही. षोडशमानात पंधरा एके घेता येतात. म्हणजे खरं विधान असं आहे: कुठल्याही पद्धतीत पायापेक्षा (दशमानात पाया १०, अष्टमानात ८) एकाने कमी इतके एके घ्या, वर्ग शेवटच्या अंकापर्यंत चढून उतरेल. १/८१ चंही तसंच. पाया उणे एक, त्याचा वर्ग, आणि उपान्त्य अंक गळणार. आपली संख्या या विधानाचं दहासाठीचं उदाहरण आहे. बोटांवर अवलंबून आहे ते उदाहरण. विधान तसं नाही.

हातचा_एक

आणि बाणकोट, तुम्हाला लिपी न बघणारा गुणधर्म हवा असेल तर हा घ्या.

चित्राताईंच्या अवयवांमध्ये ३, ३७ आणि ३३३६६७ आहेत. यांना ४ ने भागलं तर ३७ ची बाकी १ येते, इतर दोघांची ३. दोन वर्गांच्या बेरजेचा जुना नियम सांगतो की बाकी १ असलेल्या मूळ संख्या अशा बेरजेत फुटतात, बाकी ३ असलेल्या फुटत नाहीत. १२, ३५, ३७ हा काटकोन त्रिकोण सगळ्यांच्या ओळखीचा. नऊ एके म्हणजे ३७ × ३००३००३. तेव्हा तिन्ही बाजूंना ३००३००३ ने गुणा:

३६०३६०३६ चा वर्ग + १०५१०५१०५ चा वर्ग = १११११११११ चा वर्ग

पडताळा: १२९८५९५८९०५९३२९६ + ११०४७०८३०९७०६१०२५ = १२३४५६७८९८७६५४३२१.

३७ हा एकच 'फुटणारा' अवयव असल्यामुळे दुसरा मार्गच नाही. ज्याचा कर्ण १११११११११ आणि बाकी दोन्ही बाजू पूर्णांकात आहेत असा काटकोन त्रिकोण जगात एकच आहे. तुम्ही रोमन अंकांत लिहा नाहीतर दोरीला गाठी मारा, हे बदलणार नाही.

बाणकोट

हे मात्र मान्य. ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५ माझ्या वहीत गेले. 🙏

वेरूळवासी

उशिरा आलो, पण इतिहासाची एक बाजू राहिली आहे ती मांडतो.

इ.स. ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात, म्हणजे ज्या घराण्याने आमच्या वेरूळचं कैलास लेणं खोदवलं त्याच घराण्याच्या राज्यात. गुणाकाराच्या प्रकरणात त्यांनी गळ्यातल्या हारांसारखे दिसणारे गुणाकार गोळा केले आहेत. त्यात १२३४५६७९ × ९ आहे. आणि हेही आहे:

२७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१

एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग उलट क्रमाने उतरणारी, असंच त्या संख्येचं वर्णन तिथे येतं. नीट बघा, ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग. २१ × ५२९१ = ११११११. म्हणजे सहा एक्यांचा वर्ग सरळ न सांगता दोन वर्गांमध्ये लपवून विचारलेला आहे. अकराशे वर्षांपूर्वी विद्यार्थ्याला हा गुणाकार करायला सांगितला असेल आणि शेवटच्या ओळीत ही संख्या उमटली असेल.

दुसरी गोष्ट म्हणजे ही संख्या वाचायची कशी. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. कोटीच्या वर आपण सहसा अडखळतो, पण 'लीलावती'त भास्कराचार्यांनी दिलेली स्थानांची नावं घेतली तर प्रत्येक अंकाला स्वतःचं घर आहे: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. मोठ्याने वाचून बघा. त्या यादीत याच्या वर फक्त परार्ध उरतो.

तिसरा_फलाट

मोठ्याने वाचलं. मुलीने दुसऱ्या खोलीतून येऊन परत वाचायला लावलं.

सातासमुद्रापार

एक व्यवहारातली सूचना, कारण इथले काही जण हे संगणकावर तपासायला जातील.

एक्सेलमध्ये ही संख्या टाकलीत तर १२३४५६७८९८७६५४३०० दिसेल. एक्सेल पंधरा अंकच जपतं. ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्ये १२३४५६७८९८७६५४३२० दिसेल. तिथे पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९२ (२ चा ५३ वा घात) इथपर्यंतच खात्रीने अचूक राहतात. त्याच्या पुढे लगेच फक्त सम संख्या उरतात आणि आपली संख्या विषम आहे. दहा अंकी पडदा असलेला सायंटिफिक कॅल्क्युलेटर १.२३४५६७८९९ गुणिले १० चा १६ वा घात असं दाखवतो, म्हणजे तिथे उतरण पूर्ण गायब. पायथॉनमध्ये मात्र सगळे अंक नीट मिळतात. आणि कागदावर, अर्थातच.

शाळा_गावाकडची

मी सातवीला गणित शिकवते. यातलं मुलांना काय द्यावं? सगळं द्यायचा मोह होतोय.

गोदाकाठ

बाई, माझं मत विचाराल तर १ भागिले ८१ द्या आणि काहीही सांगू नका. मुलं ०, १, २, ३ लिहीत जातील आणि वर्गातलं कुणीतरी पुढचा अंक ओरडून सांगेल, ८! तिथे थांबा. ८ का नाही ते त्यांनाच शोधू द्या. त्यानंतर एक्यांचे वर्ग क्रमाने करायला द्या, दोन एक्यांपासून. काही मुलं स्वतःहून दहा एक्यांवर जातील आणि हातच्यापाशी अडतील. तो अडखळण्याचा क्षण त्यांच्याकडून हिरावून घेऊ नका.

चित्रा_के

अवांतर: चढ-उताराची हीच कल्पना अंकांऐवजी संख्यांवर वापरली तर दहापर्यंत जाता येतं. १ ते १० शेजारी लिहा आणि परत उतरा: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. ही वीस अंकी संख्या चक्क मूळ आहे! आपली संख्या ४५ विभाजकांची आणि तिची ही थोरली बहीण कुणानेच भाग न जाणारी. असंच आणखी वर चढत गेलं तर पुढची अशी संख्या २४४६ पर्यंत चढून उतरल्यावर सापडते. ती १७३५० अंकी आहे आणि चाचण्यांवरून ती बहुधा मूळ मानली जाते.

नुसत्या एक्यांमध्ये मात्र नऊ एके मूळ असणं शक्यच नव्हतं, कारण ९ = ३ × ३, म्हणून १११ ने भाग जाणारच. दोन एके (११) मूळ, त्यानंतर थेट एकोणीस एके, मग तेवीस, मग ३१७, मग १०३१.

हातचा_एक

बाणकोट यांच्या हार्डीकडे परत येतो, कारण मला ते उदाहरण सोडवत नाही. त्याने बाजूला सारलेली ९८०१ म्हणजे ९९ चा वर्ग. ९८ + ०१ = ९९. वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की जिचा वर्ग केला ती संख्या परत येते, यालाच आज जग 'कापरेकर संख्या' म्हणतं. ४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५. ७०३ चा वर्ग ४९४२०९, ४९४ + २०९ = ७०३.

आणि हे कोड्यांच्या सदरातच थांबत नाही. वर्गाचे उजवीकडचे नऊ अंक तोडले असं समजा. १० च्या ९ व्या घाताला ९९९९९९९९९ ने भागलं की बाकी १. म्हणून तुकड्यांची बेरीज आणि वर्ग यांची नऊ नवांच्या भागाकारातली बाकी सारखीच. तेव्हा अट अशी होते: संख्या × (संख्या − १) ला ९९९९९९९९९ ने भाग जायला हवा. लागून आलेल्या दोन संख्यांना सामाईक अवयव नसतो, म्हणून नऊ नवांचा प्रत्येक मूळ घात (मूळ संख्या किंवा तिचा घात) पूर्णपणे या बाजूला किंवा त्या बाजूला जातो. नऊ नव म्हणजे ८१ × ३७ × ३३३६६७. तीन घात, प्रत्येकाला दोन पर्याय, एकूण आठ उत्तरं. गणितज्ञ डग्लस इयानुची यांनी २००० साली हाच संबंध सर्वसाधारण रूपात सिद्ध केला: कापरेकर संख्या आणि नवांच्या ओळीचे विभाजक यांची जोडी लागते. विभाजकांचा सिद्धान्त आहे हा, आणि सुरुवात देवळालीच्या एका मास्तरांच्या वहीतून झाली.

आठांपैकी दोन सोपी: १ आणि ९९९९९९९९९. दुसरीचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१, आणि तो आपल्या संख्येच्या ८१ पट आहे. बाकीच्या सहा?

नवशिका

एक मिळाली, बहुतेक! ८१ आणि ३३३६६७ या दोघांनी भाग जाणारी, पण ३७ ने भागल्यावर बाकी १ असणारी शोधली. १००१००१ च्या पटी घेत गेले. ४३२ × १००१००१ = ४३२४३२४३२. वर्ग हातानेच केला: १८६९९७८०८२४५४३४६२४. तुकडे १८६९९७८०८ आणि २४५४३४६२४. बेरीज ४३२४३२४३२!!!

गोदाकाठ

नवशिका, शाबास! अगदी बरोबर, आणि पद्धतही तुमची स्वतःची. आता १००००००००० मधून ती वजा करा: ५६७५६७५६८. तिचा वर्ग ३२२१३२९४४२४५४३४६२४. शेवटचे नऊ अंक तेच आहेत. ३२२१३२९४४ + २४५४३४६२४ = ५६७५६७५६८. जोडीने येतात त्या. आता चार राहिल्या, म्हणजे दोन जोड्या. ३३३६६७ ला वेगळं काढून बघा, आणि ८१ ला. इथेच लिहा, मी बघतोय.